फाईलवर लिहिलं होतं 'सुमाट्रिप्टान फेल' : मायग्रेनच्या एका केसमधला औषधांचा हिशोब

मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे, न्यूरोलॉजी ओपीडीच्या शेजारच्या खोलीत बसते. डॉक्टरांनी तपासल्यावर पेशंट माझ्याकडे येतात आणि माझं काम एवढंच की कागदावर लिहिलेलं औषध आणि घरी खरंच घेतलं जाणारं औषध यात किती अंतर आहे ते शोधणं. बऱ्याचदा अंतर भरपूर असतं. ही केस त्याच कारणासाठी पूर्ण लिहून ठेवतेय. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पार्श्वभूमी

मीनल, वय ३६, दिवसभर कॉम्प्युटरवर हिशोबाचं काम, घरी नवरा आणि पाच वर्षांची मुलगी. कॉलेजला असल्यापासून मायग्रेन, आईलाही होतं. डोक्याची डावी बाजू ठणकायला लागते, उजेड नको आवाज नको, दोन-तीन तासांत उलट्या सुरू, मग तो दिवस गेलाच. पहिली बरीच वर्षं महिन्याला दोन, फार तर तीन अटॅक यायचे आणि तेवढं ती सांभाळून घ्यायची. गेल्या दीड वर्षात मात्र गाडी घसरली, म्हणजे आमच्याकडे आली तेव्हा तिच्या शब्दांत "डोकं दुखत नाही असा दिवस कधी होता तेच आठवत नाही".

फाईल जाड होती. एमआरआय दोन वर्षांपूर्वीचा, नॉर्मल. डॉक्टरांनी पुन्हा नीट तपासलं, दुखण्याची जात तीच जुनी, ताप नाही, हातापायात कमजोरी नाही, अचानक वीज पडल्यासारखं दुखणं नाही, वजन उतरलेलं नाही, त्यामुळे परत स्कॅन करायचा नाही असं ठरलं. नवऱ्याला ते फारसं पटलं नव्हतं पण तो विषय तिथेच संपला. दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा वगैरे, ज्याला ऑरा म्हणतात, ते नव्हतं. हे विचारावंच लागतं, कारण ऑरा असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी स्ट्रोकची शक्यता वाढते. ती त्या गोळ्या घेतही नव्हती.

लहानपणापासून दमा आहे, हवा बदलली की इनहेलर लागतो. आणि एक गोष्ट फाईलमध्ये कुठेच नव्हती, ती बोलता बोलता निघाली, ती म्हणजे येत्या वर्ष-दीड वर्षात दुसऱ्या मुलाचा विचार चाललाय. ही एक ओळ अर्धी औषधं यादीतून उडवते, पण ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही कारण डोकेदुखीच्या डॉक्टरला हे कशाला सांगायचं असंच वाटतं ना.

नेमकी अडचण काय होती

ती आली होती "जरा स्ट्राँग काहीतरी द्या" म्हणून. मैत्रिणीला कुठलंतरी इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत बरं वाटलं म्हणे. फाईलवर मोठ्या अक्षरात 'सुमाट्रिप्टान फेल' लिहिलेलं, म्हणजे मायग्रेनचा अटॅक थांबवायचं हे औषध तिला चाललं नाही, त्यामुळे पुढची पायरी काय हा प्रश्न वरवर बरोबरच वाटत होता.

मी तिला पर्स रिकामी करायला सांगितली. हे मी जवळपास सगळ्यांनाच सांगते, आणि लोक आधी लाजतात. तिच्या पर्समधून अर्गोटामिन (मायग्रेनच्या अटॅकचं जुनं औषध), कॅफिन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप निघाली, साध्या पॅरासिटामॉलच्या दोन, नेप्रोक्सेन ५०० या पेनकिलरची एक, आणि सुमाट्रिप्टान ५० ची स्ट्रिप, तिच्यात फक्त दोन गोळ्या कमी. अर्गोटामिनच्या स्ट्रिपवर मागे पेनाने तारखा लिहिलेल्या, कारण "एकाच दिवशी दोनदा घेतली का ते विसरायला होतं". त्या तारखांवरूनच पहिला हिशोब लागला.

महिन्यातून साधारण १२ दिवस अर्गोटामिनची गोळी. राहिलेल्या दिवसांपैकी बऱ्याच दिवशी पॅरासिटामॉल किंवा नेप्रोक्सेन, काही वेळा तर दुखत नसतानाही, मीटिंग आहे म्हणून आधीच घेऊन ठेवलेलं. अर्गोटामिनचं प्रिस्क्रिप्शन तीन वर्षांपूर्वीचं, तेव्हा महिन्यातून दोनदा लागायचं म्हणून दिलेलं, तोच कागद पुढे चालत राहिला. पॅरासिटामॉलला प्रिस्क्रिप्शन लागत नाही, म्हणून ते कुठेच नोंदलेलं नाही. म्हणजे कुठल्याही एका डॉक्टरच्या नजरेतून बघितलं तर काहीच जास्त दिसत नव्हतं, सगळं एकत्र मांडलं तेव्हा दिसलं.

इथे आकडे सांगायलाच हवेत. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय आणि तीन महिन्यांहून जास्त काळ साधं पेनकिलर महिन्याला १५ किंवा जास्त दिवस घेतलं जातंय, किंवा ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्या गटातलं औषध), अर्गोटामिन, ओपिऑइड (अफूच्या जातीचं पेनकिलर) वा अशी मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस घेतली जातेय, तर ती औषधाच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी धरतात. यात गोळ्यांची संख्या बघत नाहीत, दिवस बघतात. एका दिवशी दोन घेतल्या तरी तो एकच दिवस. मीनल दोन्ही रेषांच्या पलीकडे होती. मूळ मायग्रेन होतंच, त्याच्यावर हा दुसरा थर चढला होता आणि ती त्या थरावर पुन्हा तीच गोळी घेत होती.

आता ते 'फेल'. मी विचारलं सुमाट्रिप्टान कधी घेतलं होतं, कसं घेतलं. तर दोन्ही वेळा गोष्ट सारखीच. सकाळी दुखायला लागलं, तिने नेहमीची अर्गोटामिनची गोळी घेतली, फरक पडला नाही, उलटी झाली, दुपारी कंटाळून सुमाट्रिप्टान घेतलं, पुन्हा उलटी. या एकाच प्रसंगात तीन गोष्टी चुकत होत्या. एक तर ट्रिप्टान दुखणं सौम्य असताना, शक्यतो पहिल्या तासात घेतलं तर जास्त चालतं. दुसरं, मायग्रेन चालू असताना पोट मंदावतं, गोळी आतड्यापर्यंत वेळेवर पोचत नाही आणि उलटीत गेली तर मग बोलायलाच नको. तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर, अर्गोटामिन घेतल्यावर २४ तासांत ट्रिप्टान घ्यायचं नसतं, कारण दोन्ही औषधं रक्तवाहिन्यांना आकुंचन पावायला लावतात. सुदैवाने काही झालं नाही. पण सुमाट्रिप्टान फेल गेलं असं म्हणायला आधी ते नीट घेतलेलं तर पाहिजे.

हे बोलत असताना तिने सहज सांगितलं की काही महिन्यांपूर्वी घसा खराब झाला तेव्हा अँटिबायोटिक चालू असताना हातापायाची बोटं गार पडून मुंग्या येत होत्या, ताण असेल म्हणून सोडून दिलं. तिने मोबाईलमध्ये कागदाचा फोटो शोधून दाखवला. क्लॅरिथ्रोमायसिन. हे औषध लिव्हरमधलं जे एन्झाइम अर्गोटामिन मोडतं तेच अडवतं, मग रक्तात अर्गोटामिन साचत जातं आणि बोटांचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, फार वाढलं तर बोटं काळी पडण्यापर्यंत जातं. तिच्या बाबतीत तेच झालं होतं हे आता छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. घसा बघणाऱ्या डॉक्टरांना तिने चालू औषधं सांगितली नव्हती कारण "ती काय रोजची थोडीच आहेत".

कोणते पर्याय समोर होते

डॉक्टर, मी आणि मीनल, तिघांनी बसून हे बोललो, नवरा नंतर आला.

पहिला पर्याय तिने स्वतः मागितलेला, स्ट्राँग पेनकिलर, म्हणजे ट्रामाडॉलसारखं ओपिऑइड. याच्यावर फार वेळ गेला नाही. मायग्रेनमध्ये त्याचा उपयोग कमी, उलट्या वाढतात, सवय लागते आणि अतिवापराची डोकेदुखी तर लवकर होते.

दुसरा, सगळं एकदम बंद, महिनाभर काहीच घ्यायचं नाही, डोकं आपोआप शांत होऊ दे. हे करतात आणि चालतंही, पण मुलगी लहान, नोकरी चालू, आणि मधल्या अटॅकला हातात काहीच नाही, तर दहाव्या दिवशी ती गुपचूप जुनी गोळी घेणार हे आम्हाला दिसत होतं. तीही हसून म्हणाली, "मॅडम, दहावा कशाला, चौथ्याच दिवशी."

तिसरा, अतिवापराची औषधं थांबवायची, त्याच दिवशी प्रतिबंधक औषध, म्हणजे अटॅक कमी यावेत म्हणून नियमित घ्यायचं औषध, सुरू करायचं, आणि खऱ्या अटॅकसाठी एक नीट ठरवलेलं औषध मोजून द्यायचं. हा ठरला.

मग प्रतिबंधक कोणतं यावर खरी चर्चा झाली आणि माझ्या मते या केसमधला हाच सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे, कारण मायग्रेनचं प्रतिबंधक औषध बऱ्याचदा पेशंटच्या बाकीच्या आयुष्यावरून ठरतं. प्रोप्रॅनोलॉल जुनं, भरवशाचं, पण दमा आहे म्हणून बाद. टोपिरामेट चांगलं चालतं, पण गर्भावर परिणाम होतो, ओठ-टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो, म्हणून बाद. व्हॅल्प्रोएट त्याहून वाईट, गर्भारपणाची शक्यता असलेल्या बाईला मायग्रेनसाठी ते द्यायचंच नाही. कँडेसार्टन गर्भारपणात चालत नाही. फ्लुनारिझीनने वजन आणि झोप वाढते, नैराश्य येऊ शकतं, आणि मुलगी झाल्यानंतर तिला काही महिने नैराश्याचा त्रास झाला होता, त्यामुळे तेही नको वाटलं.

सीजीआरपी, म्हणजे मायग्रेनच्या दुखण्यात हात असलेला शरीरातला एक रेणू, अडवणारी इंजेक्शनं, म्हणजे एरेनुमॅब आणि त्याची भावंडं, २०१८ पासून आलीत, महिन्याला एक इंजेक्शन, साइड इफेक्ट कमी. नवऱ्याने त्याबद्दल वाचलं होतं आणि तो तेच द्या म्हणत होता. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, कितीतरी लोकांना त्याने खूप फरक पडतो. पण एरेनुमॅबचा हाफ-लाइफ, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, २८ दिवसांचा, शरीरातून पूर्ण जायला पाचएक महिने लागतात, आणि गर्भारपणातली माहिती अजून तोकडी. वर्षभरात बाळाचा विचार असताना आत्ता सुरू करून लगेच थांबवायचं यात अर्थ नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. हवं तर बाळानंतर.

राहिलं अमिट्रिप्टिलीन. जुनं नैराश्याचं औषध, मायग्रेनला त्याच्या बऱ्याच कमी डोसमध्ये वापरतात. तिला झोप लागत नव्हती, रात्री दोन-तीनला जाग यायची, म्हणजे त्याचा गुंगीचा दुष्परिणाम इथे कामालाच येणार होता. गर्भारपणात अगदी गरज पडली तर विचार करता येतो. ईसीजी बघितला, नॉर्मल. १० मिलिग्रॅमने सुरुवात ठरली.

काय केलं

अर्गोटामिन त्याच दिवशी कायमचं बंद. अटॅकसाठी पुन्हा सुमाट्रिप्टानच! हे ऐकून ती जवळजवळ उठूनच चालली होती. तिला समजावायला वेळ लागला. तोंडात विरघळणारी रिझाट्रिप्टान द्या, उलटीत जाणार नाही, असं तिने सुचवलं. ती गोळी तोंडात विरघळते हे खरं, पण शोषली जाते पोटाच्या पुढे जाऊनच, त्यामुळे उलट्यांच्या बाबतीत तिचा तसा फायदा नाही, फक्त पाणी लागत नाही. हा गैरसमज मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलाय. सुमाट्रिप्टान ठेवण्याचं आणखी एक कारण होतं, सगळ्या ट्रिप्टानमध्ये गर्भारपणातली माहिती त्याचीच सर्वात जास्त आहे.

शेवटी असं ठरलं की बीपी नॉर्मल, हृदयाचा त्रास नाही, तर दुखणं सुरू होताच सुमाट्रिप्टान १०० आणि सोबत मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड १०, ज्याने पोटही पुढे सरकतं. झोपेतून उठतानाच जोरात दुखत असेल आणि मळमळ असेल तर गोळीच्या भानगडीत न पडता २० मिलिग्रॅमचा नाकातला स्प्रे. आराम पडून दुखणं परत आलं तर दोन तासांनंतर दुसरा डोस, पण पहिल्याने काहीच झालं नसेल तर त्याच अटॅकला दुसरा घ्यायचा नाही. २४ तासांत गोळ्यांची मर्यादा २०० मिलिग्रॅम. आणि महिन्यात जास्तीत जास्त ८ दिवस, १० च्या रेषेच्या जरा अलीकडेच थांबायचं. पहिलं सुमाट्रिप्टान अर्गोटामिन थांबवल्यावर पूर्ण एक दिवस सोडून.

पहिल्या आठवड्यातली दुखण्याची लाट सोसायला नेप्रोक्सेन ५०० दिवसातून दोनदा, सात दिवस, पोटाला त्रास नको म्हणून सोबत ॲसिडिटीची गोळी. दमा असलेल्यांपैकी काहींना या जातीच्या पेनकिलरने दम लागतो म्हणून मी तो प्रश्न दोनदा विचारला, पण ती आधीपासून घेतच होती आणि कधी त्रास झाला नव्हता.

औषधं देताना कॉम्प्युटरवर लाल खिडकी आली, सुमाट्रिप्टान आणि अमिट्रिप्टिलीन, सिरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे शरीरात सिरोटोनिनचा परिणाम धोकादायक वाढण्याचा इशारा. असा इशारा आला की बरेचजण एक औषध काढून टाकतात आणि पेशंट अर्धवट उपचारावर राहतो. प्रत्यक्षात या जोडीने तसं होणं फारच दुर्मिळ आहे, जगभर लाखो लोक दोन्ही घेतात. आम्ही दोन्ही दिली, काय लक्षणं आली तर फोन करायचा ते लिहून दिलं, आणि इशारा का ओलांडला त्याचं कारण नोंदवलं.

डायरी अगदी साधी, तारीख, दुखणं ० ते ३, औषध कोणतं, किती वाजता. याहून जास्त रकाने दिले की कोणी भरत नाही.

पुढे काय झालं

पहिले दहा दिवस वाईट गेले. पहिल्या सुमाट्रिप्टाननंतर वीसेक मिनिटांत तिचा फोन, छातीवर आणि गळ्यापाशी दाब येतोय, खांदे जड झालेत. ट्रिप्टानने असं काहीजणांना होतं आणि ते तिला आधीच सांगितलेलं होतं, तरी छाती म्हटलं की कोणीही घाबरणारच. दुखणं हाताकडे जातंय का, घाम, दम, सगळं विचारलं, काही नव्हतं, अर्ध्या तासात दाब गेला आणि तासाभरात डोकंही उतरलं. "हे औषध फेल होतं ना?" असं तीच म्हणाली.

अमिट्रिप्टिलीन ती रात्री अकराला घ्यायची, त्यामुळे सकाळी जड जड. आठ-साडेआठला घ्यायला लावलं तेव्हा ती तक्रार गेली. दोन आठवड्यांनी २० केलं, मग २५.

पाचव्या आठवड्यात ती म्हणाली बंद करते, काही फरक नाही, तोंड कोरडं पडतं नुसतं. हा निर्णयाचा खरा क्षण होता. प्रतिबंधक औषधाला दोन-तीन महिने द्यावे लागतात हे सांगून पेशंट थांबत नाही, कारण ते सगळेच सांगतात. डायरी समोर ठेवली. दुखण्याचे दिवस १९ वरून १५ वर आले होते, तिला काही जाणवण्याएवढा फरक नाही, पण ३ नंबरचे दिवस ८ होते ते ३ झालेले. तिने स्वतः मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हणाली बरं, अजून महिनाभर बघू.

तीन महिन्यांनी महिन्यातले ७ दिवस दुखणं, औषध ५ दिवस. सहा महिन्यांनीही साधारण तसंच. वजन दोन-तीन किलो वाढलं, ते तिला आवडलेलं नाही. मधे एकदा तीन दिवसांचा अटॅक येऊन हॉस्पिटलमध्ये सलाईन लावायची वेळ आली, म्हणजे मायग्रेन काही गेलेलं नाही. ते जात नसतंच, फक्त आटोक्यात येतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी ते 'फेल'. तो शब्द लिहिताना डोस किती, दुखणं सुरू झाल्यावर किती वेळाने, उलटी झाली का, सोबत काय घेतलं होतं, एवढं लिहिलं असतं तर पुढच्या तीन डॉक्टरांपैकी कोणीतरी थांबलं असतं. एखादं ट्रिप्टान दोन-तीन अटॅकमध्ये नीट वापरल्याशिवाय बाद करू नये, आणि एक खरंच बाद झालं तरी दुसरं चालू शकतं.

दुसरं, तीन वर्षं तोच कागद चालला. अर्गोटामिनचं प्रिस्क्रिप्शन लिहिताना महिन्याला किती दिवस आणि किती महिन्यांनी परत दाखवायचं ते त्यावरच लिहायला हवं होतं, आणि औषध देणाऱ्यानेही मागच्या वेळची तारीख बघायला हवी होती, आमच्या व्यवसायातल्या लोकांना मी हे तोंडावर सांगते.

औषधं थांबवायची तारीख निवडताना तिच्या कामाचा विचार झाला नाही. पहिला आठवडा बरोबर महिनाअखेरीच्या हिशोबांवर आला आणि तिने दोन दिवस अंधाऱ्या खोलीऐवजी स्क्रीनसमोर काढले. आठवडाभर पुढे ढकललं असतं, दोन दिवस रजा घेता आली असती, काही बिघडलं नसतं. सुरुवातीचं वजनही फाईलमध्ये नव्हतं, तिच्या अंदाजावरच सगळं, त्यामुळे दोन किलो की तीन यावर आता नुसता वाद.

नेप्रोक्सेनच्या आठवड्याबद्दल डॉक्टरांचं आणि माझं अजूनही एकमत नाही. मला वाटतं पाच दिवस पुरले असते, त्यांना वाटतं त्या सात दिवसांमुळेच ती जुन्या गोळीकडे गेली नाही. कदाचित त्यांचंच बरोबर असेल.

आत्ता तिची पुढची भेट बाळाच्या विचारासाठीच ठरलीये, स्त्रीरोगतज्ज्ञांनाही बोलावलंय. अमिट्रिप्टिलीन हळूहळू कमी करून बघायचं की सगळ्यात कमी डोसवर ठेवायचं, दिवस राहिल्यावर अटॅकला आधी पॅरासिटामॉल आणि नाहीच भागलं तर सुमाट्रिप्टान, आणि नेप्रोक्सेन घरातून काढूनच टाकायचं कारण गर्भारपणाच्या उत्तरार्धात ते नको, हे सगळं त्या दिवशी लिहून घ्यायचंय. फाईलवरचं 'सुमाट्रिप्टान फेल' डॉक्टरांनी खोडलं, खाली तारीख आणि सही केली, आणि शेजारी लाल शाईत अर्गोटामिन देऊ नये असं लिहिलंय.